घरी शिकवायचं, पण कोणी?

पुणे

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लेकीला शाळेत घालायचंच नाही, घरीच शिकवायचं, असं तुमचं जवळपास ठरलंय आणि 'बाई, तुमचं काय मत?' असं तू विचारतोस. मत विचारायचं आणि ठरवूनही टाकायचं, ही तुझी सवय पाचवीपासूनची आहे. असो.

चार पानी पत्रात सगळं आलंय. पोरीचा हळवा स्वभाव, वाकडहून शाळेच्या बसमधला वेळ, फीचे आकडे, पहिलीपासूनचे क्लास. कुठल्याशा अमेरिकन अभ्यासक्रमाचं कौतुकही आहे. सोमवारी सकाळी साडेनऊला तिच्याजवळ कोण बसणार, तेवढं मात्र नाही. तुझ्या नोकरीबद्दल एक ओळ नाही आणि सूनबाईंच्या नोकरीबद्दल 'ती बघेल काहीतरी' एवढंच आहे. मला काय समजायचं ते समजलं.

कायद्याची तुला फार काळजी दिसते, ती आधी उरकते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. न घातलं तर पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. म्हणजे मनाई ठोकून केलेली नाही आणि परवानगीही कोणी दिलेली नाही. मधेच शाळेत यावंसं वाटलं, तर आठवीपर्यंत वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायची सोय याच कायद्यात आहे. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. चौदा पूर्ण हवीत, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच विषय पाच वर्षांत जमतील तसे सोडवता येतात. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तुझ्या ओळखीचा असेल, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जी शाळेत गेलीच नाही, ती दाखला कुठून आणणार?

शिकवायचं काय, याची पुण्यात ददात नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही असेच वाचायला ठेवलेत. अरविंद गुप्तांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात काड्या, बाटल्या, रिकाम्या डब्यांतून विज्ञान शिकवलं. ती खेळणी करायची कशी, ते साध्या चित्रांसकट मराठीत आहे. अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

घरचं शिक्षण आपल्याकडे नवीन आहे असंही समजू नकोस. याच शहरात न्यायमूर्ती रानडे रमाबाईंना घरी शिकवत होते. रात्री धडा व्हायचा आणि दिवसभर घरातल्या बायकांचे टोमणे. पुढे १९०९ मध्ये त्याच रमाबाई पुण्यात बायकांना शिकवणाऱ्या सेवासदनाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आनंदीबाई जोशीही मुख्यतः घरी, नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. ते आपण अभिमानाने सांगतो. लहानपणी गोपाळरावांचा मार खाल्ल्याचं त्यांनी स्वतः पत्रात लिहिलंय, ते मात्र सांगत नाही. शिकवणारा आणि घरचा कर्ता एकच असला की शिकणाऱ्याला उठून जायला जागा राहत नाही.

तू हात उगारशील असं मला म्हणायचं नाही. पण शाळेतलं मूल बाईंवर रागावलं तर घरी येऊन आईपाशी चुगली करतं, आणि आईवर रागावलं तर डबा तसाच ठेवून बाईंपाशी रडतं. अशी किती पोरं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची! तुझ्या लेकीला वजाबाकी येईना आणि आईचा पारा चढला, तर ती कोणाकडे जाईल? तुम्ही राहता दोघंच. आजी सोलापूरला. तेव्हा आई सोडून अजून दोन तरी मोठी माणसं तिच्या आठवड्यात पक्की हवीत. तबल्याचे गुरुजी चालतील, वाचनालयातल्या मावशी चालतील. आणि त्यांतला एक तू. रविवारी सिंहगडावर नेलं म्हणजे तुझा वाटा झाला, असं नाही. आठवड्यातले दोन पूर्ण दिवस तुझे. ऑफिसात तसं मिळत नसेल, तर आधी ते मागून बघ. साहेबांपुढे तोंड उघडायला तुला जड जात असेल, तर सूनबाईंना राजीनामा लिहायला किती जड जाईल, याचा अंदाज येईल.

सोबतीची मुलं हा दुसरा पेच. तुमच्या सोसायटीत पोरं भरपूर, पण ती चारपर्यंत शाळेत आणि पाचपासून क्लासला. सकाळी आठ ते चार खालच्या झोपाळ्यावर तुझी एकटीच असेल. घरी शिकवणाऱ्या दोन-तीन कुटुंबांशी आधी गाठ घालून घे, आणि घर फार लांब असेल तर त्यांच्यावर विसंबू नकोस. चांदणी चौक ओलांडून रोज कोणी खेळायला येत नाही.

अजून एक विचारते, रागावू नकोस. तुम्हाला घरी शिकवायचंय, की ती एक महागडी शाळा नकोय? बालवर्गात पोरगी रडली, बाई ओरडल्या, हे पत्रात तीनदा आलंय. त्यावर शाळा बदलणं हा उपाय आहे. चालत जाण्याजोगी, मराठी माध्यमाची, लहान वर्गांची शाळा तुम्ही एकदा तरी जाऊन पाहिलीत का? अक्षरनंदनसारख्या शाळा पुण्यात तीस वर्षांहून जास्त काळ चालल्यात, तिथे परीक्षेच्या धाकाशिवाय शिकतात. तुमच्यापासून लांब पडेल, पण वर्ग कसा चालतो ते परवानगी काढून बघून या, दोघंही. परत आल्यावरही घरीच शिकवावंसं वाटलं, तर मी तुमच्या बाजूची.

लेक आत्ता पाच वर्षांची. कायद्याचं वय लागायला एक वर्ष आहे, तेवढं वापरा. जूनपासून दिवाळीपर्यंत करून बघा, सूनबाईंनी बिनपगारी रजेवर राहून, तू दोन दिवस घरी राहून. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लावाल, हे मी आत्ताच सांगते, सगळे लावतात. लावा आणि काढून टाका. मुळाक्षरांची घाई नको. भाजी आणताना सुटे पैसे तिला मोजू दे, बसच्या पाट्या वाचू दे. दिवाळीत ती काय शिकली याच्या आधी, तिची आई कशी आहे ते बघ.

आणि त्यानंतर नोकरी सोडायचं ठरलंच, तर सूनबाईंचा पीएफ काढून घराच्या हप्त्यात घालू नकोस. तो तसाच राहू दे, आणि दर महिन्याला तुझ्या पगारातून तिच्या नावाने ठरावीक रक्कम टाक. किती, ते तिला विचारून ठरव आणि मला कळव.

तुझ्या
बाई