आता कुणाला सांगू?

‘सगळं नीट चाललंय, तरी आतून रिकामं वाटतं. मी कृतघ्न आहे का?’ माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. विचारणारी माणसं बहुतेक चाळिशी-पन्नाशीतली, कामात नाव कमावलेली. विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. जवळच्या कुणाला तरी त्यांनी हे आधीच सांगून पाहिलेलं असतं आणि ‘तुला काय कमी आहे?’ हे ऐकून घेतलेलं असतं. त्याने पोकळी तर भरत नाहीच, वर अपराधीपणा वाढतो.

सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. एका बाईंची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या, एका मोठ्या कंपनीत नुकत्याच संचालक झालेल्या. पहिल्या भेटीला त्या वही घेऊनच आल्या. वहीत तक्ता आखलेला. अर्थपूर्ण वाटू शकतील अशा गोष्टींची यादी एका बाजूला: शिकवणं, एखाद्या सामाजिक संस्थेत काम, पीएचडी, गिर्यारोहण, पुस्तक लिहिणं. पुढच्या रकान्यांत फायदे, तोटे, लागणारा वेळ. ‘‘मॅडम, यातलं काय निवडू तेवढं सांगा,’’ म्हणाल्या. पोकळीचासुद्धा त्यांनी प्रकल्प करून टाकला होता. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण इतक्या हुशार माणसाला आपलं दुखणं तक्त्यात मांडल्याशिवाय बोलता येत नव्हतं.

वही बाजूला ठेवायला सांगून मी आधी कंटाळवाणे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, मरून जावंसं वाटतं का. शेवटचा प्रश्न मी सरळच विचारते. विचारल्याने असे विचार कुणाच्या डोक्यात घातले जात नाहीत. उलट, आधीपासून असतील तर बोलायला वाट मिळते. रिकामेपण हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, आणि यशस्वी माणसाचं नैराश्य लवकर ओळखू येत नाही, कारण तो काम करतच राहतो. पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते पाहणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. बाईंचे गुण सौम्य पट्ट्यात आले. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायलाही सांगितलं. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत मन:स्थिती खाली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायला सुचवलं. तिथे फारसं काही निघालं नाही. निघालं असतं, तर ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली असती.

बाईंनी वाचन भरपूर केलेलं होतं. ‘‘माणूस सुखाला सरावतो, म्हणून मला काही वाटत नाही,’’ असं निदान त्यांनी स्वत:च केलं होतं. त्यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ मधला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. लॉटरी लागलेली माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी आढळली नव्हती आणि रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद तर कमीच होता. पण त्या अभ्यासात लॉटरी लागलेली माणसं होती अवघी २२. पुढे स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवर बराच मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि पुढे अनेक वर्षं टिकलेलं त्यात दिसलं. तेव्हा ‘यशाची सवय झाली’ एवढ्यावर सगळा हिशेब मिटत नाही. बाईंच्या बाबतीत तर सवय होण्याइतका वेळही गेला नव्हता. बढतीचा आनंद त्यांना पहिल्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

त्या कृतज्ञतेची डायरीही लिहीत होत्या. रोज तीन गोष्टी, एकही दिवस न चुकता. या डायरीचा पुष्कळांना उपयोग होतो, हे मी पाहिलं आहे. पण आधीच स्वत:ला कृतघ्न ठरवून बसलेल्या माणसाला ती रोजची परीक्षा वाटू लागते. मी ती थांबवायला सांगितली, तर बाई चपापल्या.

मग मी विचारलं, रिकामं नेमकं कधी वाटतं? सुट्टीच्या दिवशी, त्या म्हणाल्या. कामाच्या गडबडीत जाणवतही नाही. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी याला ‘रविवारचा आजार’ म्हटलं होतं: आठवड्याची धावपळ थांबते आणि आतली पोकळी वर येते. ‘‘सगळ्यात जास्त कधी जाणवलं?’’

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘बढतीचं पत्र आलं त्या संध्याकाळी. फोन हातात घेतला आणि लक्षात आलं, आता कुणाला सांगू?’’

घरी नवरा होता, कॉलेजात जाणारा मुलगा होता, मैत्रिणी होत्या. पण यशाची बातमी आयुष्यभर पहिल्यांदा जायची ती बाबांकडे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा बाई आठवड्याच्या आत कामावर हजर झाल्या होत्या आणि सगळ्यांनी त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक केलं होतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. ती मला प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते. शोक करणारा माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो, असं ते सांगतात. एका काठावर गेलेल्या माणसाची आठवण आणि रडणं, दुसऱ्या काठावर पुढची कामं, नवी घडी बसवणं. ही ये-जा चालू राहणं निरोगी. बाई सहा वर्षं दुसऱ्याच काठावर उभ्या होत्या.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, प्रश्न उलगडला: वडिलांचं दु:ख राहून गेलंय, ते मोकळं होऊ द्यायचं. मलाही तसं वाटायला हरकत नव्हती. पण मी एक साधी गोष्ट विचारली. ‘‘समजा, तो फोन लागला असता. बाबा काय म्हणाले असते?’’

उत्तर लगेच आलं. ‘‘ते म्हणाले असते, छान. पुढे काय?’’

आणि मग त्या रडल्या. दहावीत पहिल्या आल्या तेव्हा ‘पुढे काय?’, पदवी घेतली तेव्हा ‘पुढे काय?’, नोकरी लागली तेव्हाही तेच. बाबा वाईट नव्हते. त्यांच्या घरात शिकलेले ते पहिलेच. थांबलो तर घसरू, ही भीती त्यांच्या अंगात भिनलेली होती. मुलीला ते काळजीपोटी तसं म्हणत. पण मुलगी प्रत्येक पायरीवर ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते वाक्य कधी आलं नाही. आणि आता ते म्हणू शकणारं माणूसच उरलं नव्हतं. बाबा हयात असते तर बाई आणखी एक पायरी चढल्या असत्या. आता चढण्यालाच कारण राहिलं नव्हतं.

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझं मत असं झालंय की, यश मिळूनही रिकामं वाटणाऱ्या माणसाला आयुष्याचं ध्येय विचारण्याआधी, हे यश कुणाला दाखवायचं होतं, ते विचारावं. कुणाला तरी दाखवायचं असतंच. आईला, नाकारलेल्या माणसाला, ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणालेल्या शिक्षकांना. त्याचा उलगडा न करता नवं ध्येय घेतलं, तर जुनीच धाव नव्या कपड्यांत सुरू होते. बाईंनी मध्येच उत्साहाने एका संस्थेत काम धरलं आणि काही आठवड्यांत सोडलं. ‘‘मॅडम, तिथेही मी अध्यक्ष व्हायला निघाले होते,’’ असं त्यांनीच हसत सांगितलं.

पुढचे महिने आम्ही मुख्यत: दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बाबांवर रागावणं. हे फार कठीण गेलं, कारण गेलेल्या माणसावर, त्यातून कष्टाने वाढवलेल्या वडिलांवर रागावणं त्यांना पाप वाटत होतं. राग आला तेव्हा त्याच्या खालची माया आपोआप मोकळी झाली. दोन्ही एकाच माणसाबद्दल असू शकतात, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट दिसायला किरकोळ. दिवसभरात एखादा क्षण आत कुठे लागला, तर तो लिहून ठेवायचा. सुखाचाच पाहिजे असं नाही, चिडचिडही चालेल. शरीरात कुठे जाणवलं, तेवढं मात्र लिहायचं. सुरुवातीला ‘काही नाही’, ‘काही नाही’ अशीच पानं आली. नको वाटणाऱ्या भावना वर्षानुवर्षं दाबल्या की हव्याशा भावनाही बोथट होतात; त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. मग हळूहळू नोंदी येऊ लागल्या. एका नवख्या मुलीला तिचं सादरीकरण समजावताना घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. नवरा फोनवर कुणाशी तरी मोठ्याने हसला आणि छातीत कळ आली, कारण त्या हसण्यात आपण नव्हतो. आणि एक नोंद त्यांनी मला वाचून दाखवली नाही, वही पुढे सरकवली: ‘मुलगा गिटार वाजवत होता. चांगलं वाजवत होता. दारात उभी राहून ऐकलं. मग विचारलं, परीक्षा कधी आहे?’

बाबांचं वाक्य त्यांच्या तोंडून पुढच्या पिढीत उतरलं होतं. त्यावर मी काही बोलले नाही; बोलायची गरज नव्हती.

फ्रँकल यांच्या मते आयुष्याला अर्थ तीन वाटांनी मिळतो: काही निर्माण करून, काही अनुभवून किंवा कुणावर प्रेम करून, आणि टाळता न येणाऱ्या दु:खाला आपण कसे सामोरे जातो त्यातून. बाईंचं सगळं आयुष्य पहिल्याच वाटेवर गेलं होतं आणि नवी वाट म्हणून वहीतल्या तक्त्यात त्यांनी मांडलं होतं तेही बहुतेक त्याच वाटेवरचं. दुसऱ्या वाटेसाठी मी त्यांना एकच अभ्यास दिला. चांगली बातमी कुणाला तरी सांगायची, आणि समोरचा आनंदाने काही म्हणाला तर ‘अहो, त्यात काय’ म्हणायचं नाही, पुढच्या योजनेवर उडी मारायची नाही. नुसतं ऐकून घ्यायचं. ‘‘फार अंगावर येतं हो,’’ त्या म्हणाल्या. एका भेटीला नवऱ्याला बोलावलं. इतकी वर्षं ते बाजूला का राहिले, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘हिला माझ्या कौतुकाची गरज आहे, असं कधी वाटलंच नाही.’’ त्या भेटीत माझं काम फारसं नव्हतं.

बाईंनी नोकरी सोडली का, असं ही हकीकत ऐकणारे हमखास विचारतात. सोडली नाही. उलट, पुढची जबाबदारीही घेतली. मात्र नवख्या मुलींना शिकवण्यासाठी आठवड्यातला वेळ आधी मागून घेतला. काही संध्याकाळी रिकामं अजूनही वाटतं. पूर्वीसारख्या त्या घाबरून लॅपटॉप उघडत नाहीत. आता त्या अधूनमधून येतात. हल्ली आमचा बहुतेक वेळ जातो तो त्यांच्या मुलाशी होणाऱ्या भांडणांबद्दल बोलण्यात. परीक्षा तोंडावर आली आहे, तो गिटार सोडत नाही, आणि ‘पुढे काय?’ असं न विचारता काय विचारायचं, हे आम्हा दोघींनाही अजून नीटसं जमलेलं नाही.