वाचक विचारतात : शाळा, मुलं आणि मोबाईल

प्रश्न : आठवी-नववीसाठी सोशल मीडियावर व्याख्यान ठेवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे. मग शिकवायचं कसं?
– एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : व्याख्यानं बंद करा. खोटा मेसेज कसा ओळखायचा हे खडू-फळ्यावर शिकवता येतं, एक तासिका पुरते. जुलैत सुरुवात करा, कारण तेव्हा पुराचे मेसेज घरोघरी येत असतात. फळ्यावर लिहा : ‘कोयनेचे सगळे दरवाजे उघडले. आज रात्री सांगली बुडणार. सगळ्यांना पाठवा.’ चार-चार मुलांचे गट करून विचारा, यात काय नाही? खऱ्या सूचनेत तारीख असते, सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, किती वाजल्यापासून, विसर्ग किती क्युसेक हे असतं. इथे नुसतं ‘आज’. असा मेसेज पाच वर्षांनीही ‘आज’चाच राहतो. मग सांगलीतल्या आयर्विन पुलाचे आकडे द्या : इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा पुराचे जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरवणं सोपं असतं. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा आणि गुगल लेन्समध्ये टाकायचा. तेच दृश्य आधी कुठे आलं असेल तर बहुधा सापडतं. हे शिक्षकांच्या एका फोनवर दाखवलं तरी चालतं.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती मेसेज निवडताना. सरावाला कागदावर पाच मेसेज दिले आणि पाचही खोटे असले की मुलं सरसकट ‘खोटं!’ म्हणून मोकळी होतात, आणि पुढे प्रशासनाची खरी सूचना आली तरी हसतात. पाचांत दोन खरे हवेतच. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली तर मेसेज निदान पाच टप्पे फिरून आला आहे एवढंच कळतं, तो खोटा आहे असं नाही. आणि हो, सरावाच्या प्रत्येक कागदावर आडवं, ठळक ‘सरावासाठी’ लिहा. नाहीतर संध्याकाळी तोच कागद एखाद्या पालकांच्या ग्रुपवर फिरताना दिसेल.

प्रश्न : मुलीचा फोटो एडिट करून वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर टाकला. शाळा म्हणते, ग्रुप आमचा नाही.
– एक पालक, मिरज

उत्तर : मुलं शाळेची आहेत, एवढं पुरेसं आहे. नुसती टिंगल असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात ग्रुपचं नाव, नंबर, तारीख दिसली पाहिजे. मगच अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा. लोक आधी डिलीट करायला लावतात आणि मग हातात काही उरत नाही. मुख्याध्यापकांनी दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवावं. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नये. ज्यांनी फोटो पाहिला नव्हता, तीही मग तो शोधत बसतात.

फोटो अश्लील असेल तर गोष्ट वेगळी. तो ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांनासुद्धा पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. फोन आहे तसा घेऊन पोलिसांत जा. लहान मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. अशा प्रकाराची कल्पना असूनही पोलिसांना न कळवणं पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात दंडनीय आहे, त्यामुळे शाळेला ‘आपसात मिटवू’ म्हणता येत नाही.

प्रश्न : सातवीतल्या निम्म्या मुलांची इन्स्टाग्रामवर खाती आहेत. पालकसभेत काय सांगू?
– एक शिक्षक, विटा

उत्तर : सांगू नका, करून घ्या. वीस मिनिटं ठेवा आणि पालकांना फोन हातात घ्यायला लावा. पहिली गोष्ट खात्यातली जन्मतारीख. तेरा वर्षांखाली खातं चालतच नाही, म्हणून मुलं सर्रास २००० साल टाकतात. मग त्यांना मोठ्यांचं खातं मिळतं. किशोरांच्या खात्यात आपोआप लागू होणारी बंधनं, म्हणजे खातं खाजगी, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, ही लागूच होत नाहीत. दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर : सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्समध्ये जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मग अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढत नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या शेजारच्याच कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. त्यात मोठ्यांचेही मोबाईल येतात. पालकसभेत हे वाक्य जरा सावकाश वाचा.