आईच्या पाककृतींची साइट स्वतः बनवायची आहे, वर्डप्रेस घेऊ की साधं एचटीएमएल?

साधं एचटीएमएल. वर्डप्रेसला मागे डेटाबेस लागतो, ३०-४० पाककृतींना तो कशाला? त्याचे प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) अपडेट करण्यातच हौस मरते. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर अशी पानं फुकट ठेवता येतात.

मी बेळगावजवळच्या खानापूरहून आमच्या घरची साइट चालवतो. कोडपेक्षा जास्त वेळ मापांत गेला. कुंद्याला (आमच्याकडची दुधाची मिठाई) दूध 'रंग येईस्तोवर' आटवायचं आणि साखर 'बघून' घालायची, एवढंच आई सांगायची. शेवटी शेगडीशेजारी वजनकाटा मांडला आणि तिची प्रत्येक वाटी आधी काट्यावर. ती वैतागली, पण ग्रॅम मिळाले.

एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' (lang="mr", म्हणजे मराठी) अशी जरूर नोंदवा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मग ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका, आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरं) बदला. आमच्याकडे शेजारच्या काकूंना कन्नडच वाचता येतं, म्हणून त्याच पाककृतीचं 'केएन' (kn, म्हणजे कन्नड) भाषेचं वेगळं पान केलं. एकाच पानात दोन्ही लिपी कोंबल्या तर मोबाइलवर अंगठा दुखतो.

आणि हो, स्क्रीन वेक लॉकचं, म्हणजे स्क्रीन आपोआप बंद होऊ न देणारं बटण द्याच. जावास्क्रिप्टच्या चार-पाच ओळी लागतात, फक्त साइट एचटीटीपीएसवर हवी. मांड्याची (पातळ गोड पोळीची) कणीक हाताला चिकटलेली असताना स्क्रीन काळी झाली की काय होतं, ते आमच्या मोबाइलच्या काचेवर अजून दिसतं. फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात, १२०० पिक्सेल रुंदीचे पुरेत.