धुण्याच्या सिंकचा जुना नळ बदलताना

तुम्ही प्रथमच नळ बदलत आहात, म्हणून मोजकेच सांगतो. भिंतीतील जोड बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिमीचा असतो. तरीही जुना नळ दुकानात सोबत न्यावा.

१. नळाला येणारे पाणी अडवणारा कॉक बंद करून नळ पूर्ण उघडा आणि धार थांबेपर्यंत वाट पाहा. गच्चीवरचे कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे पुष्कळदा पूर्ण बंद होत नाहीत, आणि ही गोष्ट नळ हातात आल्यावर कळून उपयोग नसतो.

२. नळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. तो गंजून बसला असल्यास गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबा. पान्ह्याला लांब पाइप लावून जोर केल्यास नळाऐवजी भिंतीतला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) फिरतो किंवा तडकतो, आणि मग टाइल्स फोडाव्या लागतात. माझ्या पहिल्या नळाच्या वेळी मी दोन फोडल्या.

३. नव्या नळाच्या आट्यांचे टोक स्वतःकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे गुंडाळा. नवशिके ती उलट गुंडाळतात, त्यामुळे नळ फिरवताना टेप सुटून तिचा गोळा होतो. भिंतीलगतची चकती मात्र त्याआधीच चढवा!

तोंड सरळ खाली आणण्यासाठी घट्ट झालेला नळ मागे फिरवू नका. फिरवलाच, तर टेप नव्याने गुंडाळा. शेवटी कॉक हळूहळू उघडून सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहा.