बिनखुळखुळ्याचा रॅटलस्नेक

प्रिय,

बेटावरच्या रॅटलस्नेकचा, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाचा, स्वभाव अभ्यासायचा तुझा प्रस्ताव वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलंयस, ‘बेटावरचे रॅटलस्नेक शांत असतात’. ती ओळ खोड. ती कामाच्या शेवटी यावी, तीही आली तर.

आधी नावाचा घोळ निस्तर. तुझा साप मेक्सिकोतल्या, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सांता कातालिना बेटावरचा. लॉस एंजेलिससमोर याच नावाचं दुसरं बेट आहे. तिथल्या रॅटलस्नेकला नीट वाजणारा खुळखुळा आहे. तुझ्या टिपणांत दोन्ही मिसळलीत.

तुझ्या सापाची, म्हणजे क्रोटालस कातालिनेन्सिसची, शास्त्रीय नोंद १९५४ सालची. इतर रॅटलस्नेक कात टाकतात तेव्हा शेपटीला एक कडी वाढते, कड्या एकमेकींत अडकतात आणि वाजतात. याच्या शेपटीचं टोक निमुळतं, त्यामुळे जुनी कडी अडकतच नाही, कातीबरोबर गळून पडते. पण डिवचलं की शेपूट थरथरतेच! आवाज गेला, सवय राहिली. म्हणून गप्प साप म्हणजे गरीब साप, असं धरून चालू नकोस.

मग खुळखुळा गेला कशामुळे? झुडपांवर चढून गुपचूप पक्षी धरायचे म्हणून, असं पूर्वी सांगत. मलाही ते पटायचं. पण आहार तपासला तेव्हा उंदीर आणि सरडेच निघाले. तुडवणारे खूरवाले प्राणी तिथले नाहीत, मग इशारा द्यायचा कुणाला, हा तर्क मला जास्त पटतो. पण तर्कच आहे. आता तुझ्या ‘शांत’पणाचं. सरड्यांच्या ६६ जातींच्या तुलनेत बेटांवरचे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात असं दिसलं (२०१४). त्यावरून सापाबद्दल लगेच काही ठरवू नकोस: सरडा पळतो, साप बहुधा वेटोळं घालून बसून राहतो.

मोजणीचं सांगतो. सकाळचा गारठलेला साप आणि दुपारचा तापलेला साप यांची तुलना निरर्थक. खुळखुळ्याचा वेगसुद्धा अंगाच्या तापमानाबरोबर वाढतो. तेव्हा तापमान लिहिल्याशिवाय एकही नोंद धरू नकोस. मुख्य भूमीवरचा क्रोटालस रुबर हा नातलग तुलनेला घे, दोन्हीकडे सारख्याच चालीने, सारख्याच बुटाने जवळ जा. पहिली भेट वेगळी नोंदव, कारण एकदा पकडलेला साप दुसऱ्यांदा वेगळा वागू शकतो. थरथर, फुत्कार, दंशाचा प्रयत्न, सरपटून जाणं, यांचे रकाने वेगळे ठेव. ‘आक्रमक’ असा एकच रकाना केलास तर मी वही परत पाठवेन.

आणि ही जात अतिसंकटग्रस्त आहे. पाच मिनिटांहून जास्त छेडू नकोस.

सुधारलेला आराखडा धाड.

तुझा काका