64व्या वर्षी एकट्याने हॉटेलात जेवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की वय 64, पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा परदेशात असतो. डबा लावलाय, पण कधीतरी बाहेर गरम गरम जेवावंसं वाटतं, आणि दोनदा हॉटेलच्या दारातून परत फिरलात, कारण एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे सगळे बघतील असं वाटलं. मी 69 वर्षांची. लग्न केलं नाही, नोकरीला लागल्यापासून एकटीच जेवत आलेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही गेलात ते हॉटेल बहुधा तुमच्या कामाचं नव्हतं. सहा-सहा खुर्च्यांची टेबलं मांडलेल्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मलाही अजून अवघडल्यासारखं होतं. आपल्या पुण्यातल्या पेठांमधली आणि आसपासची जुनी हॉटेलं वेगळी. शिकायला किंवा नोकरीला गावाहून आलेला, खोली घेऊन राहणारा एकटा माणूस हे तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. टिळक रस्त्यावरची बादशाही बोर्डिंग, लक्ष्मी रस्त्यावरचं 1935 सालचं पूना गेस्ट हाऊस, ही नावंच बघा ना. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या टेबलावर बसणं अशा ठिकाणी अगदी रोजचं आहे. समोरचा ताटात बघून जेवतो, आपणही जेवतो.

पण एकदम थाळीवर जाऊ नका. थाळी म्हणजे अर्धा-पाऊण तास बसणं, आणि सुरुवातीला तोच वेळ अंगावर येतो. आधी सकाळी डेक्कनवरच्या गुडलक या इराणी हॉटेलात जाऊन चहा आणि बन मस्का घ्या. इराण्याकडे एकटं बसून पेपर वाचणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. मग एखाद्या सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. तिथे स्लाइस ब्रेडबरोबर मिसळ खायची, हवं तर रस्सा मागायचा आणि उठायचं. मागे माणसं थांबलेली असतात, त्यामुळे आपण एकटे आहोत हे मनात घोळवायला वेळच मिळत नाही. रविवार टाळा. इतर दिवशी जा.

थाळीला जायचं तर मधल्या वारी, दुपारी गर्दी व्हायच्या आत. वेटरलाही तेव्हा वेळ असतो, आणि ते फार महत्त्वाचं आहे. एकट्या माणसाला ओळख लागते. एकाच ठिकाणी, एकाच वाराला, एकाच वेळी चार-पाच वेळा गेलात की वाढणारा आपोआप ओळखू लागतो. माझ्या नेहमीच्या ठिकाणी मला भात अर्धाच लागतो आणि कोशिंबीर दोनदा, हे आता सांगावं लागत नाही. आजारपणात तीन आठवडे गेले नव्हते तर त्यांनी चौकशी केली. मला त्या दिवशी जेवणापेक्षा त्याचं बरं वाटलं.

थाळीचा एक फायदा मापाचा. एक पनीरची भाजी मागवली तर ती दोघांना पुरते, एकट्याने संपत नाही आणि टाकवत नाही. मी पिशवीत नेहमी एक छोटा डबा ठेवते, उरलेली भाजी संध्याकाळी पोळीबरोबर होते. अमर्याद थाळी (दुर्वांकुर, श्रेयस वगैरे) महिन्यातून एखाद्या वेळीच, कारण तिथे आग्रह होतो आणि पैसे वसूल करण्याच्या नादात आपणही जास्त जेवतो. या वयात ते रात्रभर कळत राहतं.

आता अपमानाबद्दल, कारण तुमची खरी भीती तीच आहे. एका हॉटेलात मला "एकट्याच का?" असं विचारून हात धुवायच्या बेसिनला लागून असलेल्या टेबलावर बसवलं. हॉल अर्धा रिकामा होता. त्या दिवशी मी गप्प जेवले आणि घरी येऊन रडले. आता मी शांतपणे सांगते, "मला तिकडे खिडकीपाशी बसायचंय." बहुतेक वेळा देतात. नाही दिलं तर उठून येते. पाणी प्यायलं असलं तरी उठता येतं, दादा, त्याचं काही देणं लागत नाही.

आणि एक, जे मला सांगायला अवघड जातंय. पहिल्या काही वेळी तुम्ही दोघं जिथे जायचात तिथे जाऊ नका आणि वहिनी जे छान करायच्या ते मागवू नका. माझी आई गेल्यावर मी बाहेर आळूची भाजी मागवली होती. ती वाईट नव्हती, पण मला घास गिळेना. साबुदाणा वडा, डोसा, असं काहीतरी मागवा, ज्याची कोणाशी तुलना होणार नाही. आळूची भाजी मी दीड वर्षाने पुन्हा मागवली. तेव्हा संपवली.