बॅसच्या मासेमारीसाठी एकच महागडा रॉड घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मध्यम किमतीचे दोन रॉड आहेत, त्यांच्यावर बॅस (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) लागतातही, पण आता एकदाच भरपूर पैसे घालून उत्तम रॉड घ्यायचाय आणि कंपन्यांची नावं वाचून डोकं गरगरतंय. माझ्या मते कंपनी सगळ्यात शेवटी बघा. आधी एक सांगा, पाण्यावर गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ तुमच्या लाइनला कोणतं आमिष बांधलेलं असतं? महागड्या रॉडचा फायदा सगळ्या आमिषांना सारखा होत नाही. काहींना तर तो नडतो.

बॅस बहुतेकदा चावत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढतो. जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) किंवा टेक्सास रिगवरचा (गळाचं टोक आत लपवून पुढे शिसं लावलेला) प्लास्टिकचा किडा तळावरून सरकत असतो आणि लाइन बराच वेळ किंचित सैल असते. अशात हाताला येतो एक बारीकसा ‘टक’. कधी तोही येत नाही, आमिषाचं वजनच गायब झाल्यासारखं वाटतं. माशाला संशय आला की तो आमिष लगेच थुंकतो. ही खूण वेळेत कळणं यासाठीच मी जास्तीचे पैसे मोजतो. मासा नसतानाही तळाशी चिखल आहे, गोटे आहेत की बुडालेलं लाकूड, हे चांगल्या रॉडवर बोटांना कळत राहतं, आणि बॅस कुठे दबा धरून असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.

क्रँकबेटचं (ओढलं की बुडी मारणाऱ्या, माशाच्या आकाराच्या टणक आमिषाचं) गणित उलटं आहे. ते ओढताना आपणहून थरथरतं आणि मासा धडकला की तुम्हाला न सांगताही कळतं. त्याचे तीन टोकांचे गळ छोटे असतात. ताठ, फास्ट ॲक्शनच्या (फक्त टोकाकडे वाकणाऱ्या) रॉडने झटका दिला की ते तोंडातून निसटतात किंवा तोंड फाटतं. तिथे मऊ, मॉडरेट ॲक्शनचा रॉड हवा, जो पार मधल्या भागापर्यंत वाकतो. त्यासाठी फायबरग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्रणाचा रॉड उत्तम, आणि तो सहसा स्वस्तही पडतो. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या, असेच तिहेरी गळ असलेल्या आमिषांनाही फार ताठ रॉड नको. स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्यांचं आमिष) कशावरही चालतं, त्याची चिंता करू नका.

म्हणजे पैसे तळाशी चालणाऱ्या आमिषाच्या रॉडमध्येच घाला. माझी निवड अशी: बेटकास्टिंग (रीळ रॉडच्या वर बसतं तो), 7 फूट ते 7 फूट 3 इंच, मीडियम हेवी पॉवर (म्हणजे रॉडचा जोर), फास्ट ॲक्शन, आमिषाचं वजन साधारण 3/8 ते 1 औंस, लाइन 12 ते 20 पौंड. तुमचं पाणी स्वच्छ आणि खोल असेल आणि ड्रॉप शॉटच (शिसं लाइनच्या टोकाला, गळ त्याच्या वर) जास्त चालत असेल, तर मात्र 6 फूट 10 इंचांच्या आसपासचा मीडियम लाइट, एक्स्ट्रा फास्ट स्पिनिंग रॉड (रीळ खाली लटकतं तो) घ्या. हलक्या वजनांवर संवेदनशीलतेचा फरक आणखी ठळक जाणवतो.

आता कार्बनचे आकडे. जाहिरातींचा सगळा धुरळा इथेच उडतो. आयएम6, आयएम7, आयएम8 ही मुळात एका धागा-उत्पादकाची व्यापारी नावं. दर्जा ठरवणारं प्रमाण म्हणून त्यांच्याकडे बघू नका. जपानी कंपन्या मॉड्युलस (कार्बन धाग्याचा ताठपणा) टनांत सांगतात, अमेरिकी दशलक्ष पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड). 24 टन म्हणजे साधारण 34, 30 टन म्हणजे 43, 40 टन म्हणजे 57. त्यामुळे ‘40 टन’ आणि ‘57’ शेजारी बघून दुसरा भारी समजू नका, दोन्ही एकच आहेत. मॉड्युलस वाढला की तेवढाच ताठपणा कमी कार्बनमध्ये मिळतो. रॉड हलका होतो, पण नळीची भिंत पातळ होते आणि तो ठिसूळही होतो. म्हणून नुसता मोठा आकडा म्हणजे चांगला रॉड नव्हे. तोरे कंपनीचा टी1100जी हा धागा बघा: मॉड्युलस 33 टनांच्या आसपासच, पण ताकद फार जास्त. वरच्या दर्जाच्या रॉडमध्ये तो मिरवला जातो तो यासाठी.

गाइडकडेही (लाइन ज्यांतून जाते त्या कड्यांकडे) लक्ष द्या. टोकाकडचा एक ग्रॅम मुठीजवळच्या कित्येक ग्रॅमना भारी पडतो. टायटॅनियमची फ्रेम आणि सिलिकॉन कार्बाइडची रिंग असेल तर टोक हलकं राहतं, गंजही लागत नाही. याच कारणाने छापलेल्या एकूण वजनावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मागे मुठीत वजन घातलेला रॉड काट्यावर जड भरतो, पण हातात हलका वाटतो.

दुकानात जाताना स्वतःचं रीळ घेऊन जा. ते लावून रॉड मासेमारीच्याच कोनात दोन-तीन मिनिटं धरा. टोक सारखं खाली जायला लागलं, तर दिवसअखेर मनगट बोलणार. गाइड एका रेषेत आहेत का ते डोळा लावून पाहा. हवेत रॉड हलवून काहीच कळत नाही, तरी आपण सगळेच ते करतो.

आणि लाइन! असा रॉड घेऊन त्यावर साधा नायलॉनचा तंगूस भरलात, तर अर्धे पैसे शब्दशः पाण्यात. नायलॉन ताणला जातो आणि तो ‘टक’ वाटेतच विरतो. फ्लुओरोकार्बन कमी ताणलं जातं, शिवाय त्याची घनता 1.78 असल्याने ते बुडतं (नायलॉन 1.14, वेणीची पॉलिथिलीन लाइन 0.97, म्हणजे तरंगणारीच). जिगसाठी मी थेट फ्लुओरोकार्बन भरतो. स्पिनिंगवर बारीक वेणीची लाइन आणि पुढे 6 ते 8 पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर (टोकाला जोडलेला तुकडा).

राहिला मोडण्याचा प्रश्न. असे रॉड मोठ्या माशाने क्वचितच मोडतात. मासा बोटीजवळ आल्यावर रॉड उभा धरून त्याला उचलायला गेलं, की सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि काम तमाम. मासा जाळीने किंवा हाताने घ्या. जड शिसं नळीवर आपटत राहिलं तर न दिसणारी चीर पडते आणि रॉड महिन्यांनंतर एखाद्या साध्या फेकीत तुटतो, त्यामुळे ने-आण करताना आमिष काढून ठेवा. वॉरंटी घेण्याआधीच वाचा: कुठे फक्त उत्पादनातला दोष धरतात, कुठे ठरावीक रक्कम भरून मोडलेला रॉड बदलून देतात. दोन रॉड तुल्यबळ वाटले, तर मी बदलून देणारी कंपनी निवडतो.